वर्षावासाला चुकत नाही, मग चालायला का चुकतो?

दर जानेवारीत कवठे महांकाळच्या रस्त्यांवर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी वाढते. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या डोक्याला मफलर. संक्रांत होते, बेदाण्याचा हंगाम जवळ येतो आणि रस्त्यावर नेहमीचे चार-पाचच जण उरतात. मी स्वतः सलग तीन जानेवाऱ्या त्या गर्दीत होतो आणि तिन्ही फेब्रुवारीत अंथरुणात होतो. चौथ्या वर्षी रक्त तपासले, तर साखर वाढलेली निघाली. त्या दिवशी पहिल्यांदा प्रामाणिकपणे विचार केला, की मी सुरू करतो ते टिकत का नाही?

आपण सगळे एकच उत्तर देतो : "मनच लागत नाही." म्हणजे मन लागण्याची वाट बघत बसतो. माझे मत असे आहे, की दोष मनाचा नाही. आपण व्यायामाची सोयच लावलेली नसते.

याचा पुरावा आपल्या विहारातच आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, आपण ग्रंथवाचनाला जमतो. दिवसभर रानात राबलेली माणसे येतात, पाऊस असला तरी येतात. त्यांना कुणी विचारत नाही, की आज यायची इच्छा आहे का. वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, आणि एखादा दिवस दिसलो नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारते, "काल का आला नाहीत?" या तीन गोष्टी माणसाला घराबाहेर काढतात. पहाटे एकट्याने फिरायला जाताना यातली एकही गोष्ट आपल्याजवळ नसते.

शास्त्रही हेच सांगते. लंडनच्या एका विद्यापीठातील संशोधकांनी 96 जणांना रोज एकच नवी गोष्ट करायला सांगितली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिले. 2009 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वसाधारणपणे 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे दहा-पंधरा दिवसांत जो कंटाळतो तो आळशी नसतो, तो अर्ध्या वाटेवरही पोचलेला नसतो. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट धीर देणारी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. वर्षावास साधारण 90 दिवसांचा. सवय लागायला एवढा काळ बहुतेकांना पुरेल.

आता कुणी म्हणेल, आम्ही कष्टकरी माणसे, आम्हाला व्यायाम कशाला? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर सरसकट देता येत नाही. दिवसभर द्राक्षबागेत छाटणी करून आलेल्या बाईला पहाटे उठून पळ असे सांगणे हा अन्याय आहे. तिला पोटभर जेवण आणि झोप हवी. पण बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसणारी बाई दिवसभर एका जागी असते. शिक्षक, कारकून, दुकानदार, रिक्षावाले आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या भगिनी यांचेही तसेच. बहात्तरच्या दुष्काळात आपले आजी-आजोबा मैलोन् मैल चालत खडी फोडायला जात होते. आज म्हैसाळ योजनेचे पाणी आले, दारात दुचाकी आली. हे चांगलेच झाले. पण चालणे गेले आणि आहार मात्र भात-भाकरीचाच राहिला.

त्याचे मोजमापही झाले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या आकडेवारीप्रमाणे भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, तर स्त्रियांत 57 टक्के. आणि हे दुखणे आपल्याला परके नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने त्यांना चालणे कठीण झाले होते. अशा शरीराने त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पूर्ण केला आणि 65 व्या वर्षी ते गेले. वर्षावासात तोच ग्रंथ आपण मांडी घालून तास-तासभर ऐकतो. ऐकून झाल्यावर थोडे चाललो तर काय बिघडेल?

अष्टांगिक मार्गात 'सम्यक व्यायाम' आहे. तिथे त्याचा अर्थ मनाचा योग्य प्रयत्न असा आहे, दंडबैठका नव्हे, हे मला माहीत आहे. पण त्या शिकवणीत चांगले ते सुरू करणे आणि सुरू झालेले टिकवणे अशा दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. आपण पहिलीलाच पूर्ण समजतो. तथागतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच फायदे सांगितले. त्यात आजार कमी होणे आणि अन्न नीट पचणे हेही आहेत.

सोण नावाच्या भिक्खूची कथा तर जणू जानेवारीतल्या फिरणाऱ्यांसाठीच आहे. श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा सोण इतके चालला, की चालण्याची वाट रक्ताने माखली. मग निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली. फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळून गुडघे धरून बसणारे आपण सगळे सोणच. याच प्रसंगानंतर भिक्खूंना पादत्राणे वापरण्याची अनुमती मिळाली. मधुमेह असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय तपासावेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. विहारात वंदना किंवा वाचन संपले, की घरी जाण्याआधी सगळ्यांनी मिळून 25 मिनिटे चालावे. आठवड्यातून सहा दिवस चाललो तर 150 मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी किमान तेवढीच सांगितली आहेत. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. आवारात जागा नसेल तर शाळेच्या मैदानासाठी परवानगी मागावी. भरधाव गाड्यांच्या महामार्गावर अंधारात जाऊ नये.

यात सर्वांत मोठा फायदा भगिनींचा आहे. पहाटे चूल असते, अंधार असतो, कुत्री असतात आणि लोकांचे बोलणेही असते. एकट्या सुनेला "फिरायला जाते" म्हणणे अवघड जाते. पण विहारातून दहा जणी निघाल्या तर कोण काय म्हणेल? कित्येक गावांत तालमीची दारे आपल्या वाडवडिलांना बंद होती. विहाराचे आवार आपले आहे. जयंती मंडळांनी मिरवणुकीच्या खर्चातून थोडे बाजूला काढून तिथे दोन दिवे लावले आणि जमीन सपाट केली, तर वर्षभर कामाला येईल.

काही काळजी मात्र घ्यावी. छातीत दुखते, थोड्या चालण्याने धाप लागते किंवा चक्कर येते त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

मी आता एकटा जात नाही. शेजारचे काका दारात येऊन हाक मारतात. इच्छा नसते तेव्हाही उठतो, कारण ते बाहेर उभे असतात. एक दिवस चुकला तर मनाला लावून घेत नाही, सलग दुसरा मात्र चुकू देत नाही. आषाढ पौर्णिमेचीही वाट बघू नका. येत्या रविवारी वंदनेनंतर चपला घातल्या, की लगेच घराकडे वळू नका. शेजारच्याला हाक मारा आणि विहाराभोवती चालायला लागा.

नमो बुद्धाय, जयभीम.