नेरूळच्या मैदानावरील चार पाहुणे

६ ऑक्टोबर २०१७ पासून सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात सुरू झाली. फिफाची स्पर्धा आपल्या देशात भरण्याची ही पहिलीच वेळ. चोवीस संघ, सहा गट आणि सहा शहरे. त्या सहांत आपली नवी मुंबई होती. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर ‘ब’ गटातील सहापैकी पाच सामने झाले. पॅराग्वे, माली, न्यूझीलंड आणि तुर्कस्तान हे त्या गटातील चार संघ.

भारताचे सामने प्रथम नवी मुंबईत घेण्याचा विचार होता. पुढे ते दिल्लीला गेले आणि समाजातील अनेकांचा उत्साह तेथेच मावळला. ‘आपला संघ नाही, तर जायचे कशाला?’ हा प्रश्न तेव्हा दोन महिने ऐकू येत होता. प्रस्तुत लेखकाला तो पटत नाही. ज्या माणसांचा माल आपण घेतो त्यांचे गाव पाहण्याचे कुतूहल व्यापाऱ्याला असतेच. तुर्कस्तानचे जर्दाळू आणि अंजीर वाशीच्या बाजारात कोणाला अपरिचित आहेत? न्यूझीलंडचे किवी फळ आता गल्लोगल्ली मिळते. पॅराग्वे हा सोयाबीनच्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक, तर माली कापसाचा आणि सोन्याचा देश. या चार देशांची मुले आपल्या दाराशी येत असताना आपण घरी बसून राहावे, हे आतिथ्याला धरून नाही.

गटातील सर्वांत लक्षवेधी संघ माली. फुटबॉलच्या मोठ्या विश्वचषकात या देशाला आजवर एकदाही प्रवेश मिळालेला नाही. मात्र मुलांच्या खेळात त्याचा दबदबा विलक्षण आहे. २०१५ साली चिलीत झालेल्या याच स्पर्धेत माली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि नायजेरियाकडून हरला. त्याच वर्षी त्याने या वयोगटातील आफ्रिकेचे अजिंक्यपद मिळवले होते, आणि २०१७ च्या मे महिन्यात गॅबनमध्ये घानाला १-० असे नमवून ते राखले. हा घाना म्हणजे दिल्लीत भारताच्या गटात असलेला संघ. त्यावरून मालीच्या ताकदीचा अंदाज यावा. वेग, दमसास आणि चेंडू हिरावून घेताच पुढे मुसंडी मारण्याची वृत्ती ही आफ्रिकेतील मुलांच्या संघांची ओळख. मालीत ती ठळकपणे दिसते.

येथे एक शंका हमखास निघते : ही मुले खरोखर सतरा वर्षांखालील असतात काय? पूर्वी या स्पर्धेत वयाबद्दल तक्रारी होत असत. २००९ पासून फिफाने मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. मनगटाजवळच्या हाडाचा वाढता भाग पूर्ण जुळून आला असेल, तर मुलाचे वय मर्यादेपलीकडे गेले असे मानतात. २०१७ च्या स्पर्धेत १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळू शकत होते. आपल्याकडे या वयाचा मुलगा अकरावी-बारावीच्या वर्गात असतो आणि संध्याकाळी गादीवर बसून जीएसटीची बिले जुळवतो. तेही शिक्षणच, हे मान्य. पण चार वाजल्यानंतर मैदानावर गेलेला मुलगा वाया गेला, ही समजूत आपल्या घराघरांतून अजून पुरती गेलेली नाही.

पॅराग्वेची लोकसंख्या अविभक्त ठाणे जिल्ह्यापेक्षाही कमी. शेजारी ब्राझील आणि अर्जेंटिना. अशा शेजारात राहून टिकायचे तर बचाव चिवट हवा, आणि तोच या देशाचा वारसा आहे. २०१७ साली दक्षिण अमेरिकेतून ब्राझील, चिली, कोलंबिया आणि पॅराग्वे हे चार संघ पात्र ठरले. अर्जेंटिना घरी राहिला. १९९९ साली उपांत्यपूर्व फेरी गाठली, ती पॅराग्वेची तोवरची मोठी मजल.

तुर्कस्तानने २००५ मध्ये युरोपचे अजिंक्यपद जिंकले आणि त्याच वर्षी पेरूमध्ये जागतिक स्पर्धेत चौथे स्थान मिळवले. २०१७ साली युरोपच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत इंग्लंडने त्यांना रोखले. तंत्र उत्तम; मात्र ऑक्टोबरचा घामट उकाडा मालीच्या मुलांइतका त्यांना मानवेल असे वाटत नव्हते. न्यूझीलंडला ओशनिया खंडात तुल्यबळ प्रतिस्पर्धीच मिळत नाही, हीच त्यांची अडचण. लीड्सकडून खेळलेले डॅनी हे त्यांचे प्रशिक्षक होते. संघ शिस्तबद्ध होता, तरी या गटात तो चौथा राहील असे वाटत होते. पहिला माली आणि दुसरा पॅराग्वे, हा आमचा अंदाज. प्रत्येक गटातील दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सहांपैकी सरस चार संघ पुढे जाणार होते. त्यामुळे तुर्कस्तानलाही संधी होती.

वेळापत्रक असे होते. शुक्रवार, ६ तारखेला सायंकाळी पाच वाजता न्यूझीलंड–तुर्कस्तान आणि रात्री आठ वाजता पॅराग्वे–माली. सोमवार, ९ तारखेला तुर्कस्तान–माली आणि पॅराग्वे–न्यूझीलंड. गुरुवार, १२ तारखेला तुर्कस्तान–पॅराग्वे, आणि त्यानंतर भारताच्या गटातील अमेरिका–कोलंबिया. अमेरिकेच्या संघात टिमथी विया होता. १९९५ साली जगातील सर्वोत्तम ठरलेल्या जॉर्ज विया यांचा हा मुलगा. वडील १० ऑक्टोबरला लायबेरियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवीत होते आणि मुलगा दोन दिवसांनी नेरूळला खेळणार होता.

आयंबिलची ओळी ५ तारखेला, शरद पौर्णिमेला पूर्ण होत होती. म्हणजे पारण्याचा दिवस आणि पहिल्या सामन्याचा दिवस एकच. तपस्व्यांनी त्या दिवशी उन्हात धावपळ करू नये. १२ तारीख त्यांना अधिक सोयीची. पाचच्या सामन्यात सूर्यास्त उत्तरार्धात येतो. चौविहार पाळणाऱ्यांनी घरूनच भोजन आणि पाणी उरकून निघावे. मध्यंतराच्या गर्दीत रांगेत उभे राहून सूर्याशी शर्यत लावू नये. चेंडूच्या चामड्याविषयी ज्येष्ठ मंडळी विचारतात, त्यांच्यासाठी : मोठ्या विश्वचषकात १९८६ पासूनच चामड्याचा चेंडू नाही, आणि येथेही तो कृत्रिम धाग्यांचा व आवरणाचाच होता.

भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता, आणि मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे बचावात. अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्यापुढे त्यांचा निभाव लागणे कठीण होते. तरीही ‘अ’ गटातील पहिल्या संघाचा पुढचा सामना १८ तारखेला नेरूळलाच होता. भारताने ते स्थान मिळवले असते, तर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी चोपड्यांची खरेदी लवकर आटोपून दुकानाचे शटर ओढावे लागले असते.