गाडी विकताना ऐब सांगायचा की नाही?

अब्बांची 1984 ची येझ्दी रोडकिंग मी गेल्या महिन्यात विकायला काढली. आमच्या मुंब्र्यात ती अजूनही 'मास्तरांची फटफटी' म्हणून ओळखली जाते. किक आणि गिअर एकाच दांडीवर, दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोकचा तो फट्फट् आवाज. हँडल मी बदललं, सीट एकट्यापुरती केली, टाकीला काळा रंग दिला. इंजिन तर भंगारातल्या दुसऱ्या येझ्दीचं, मिस्त्रीने बसवलेलं. आरसी बुकातला इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळत नाही, आणि त्याची नोंद मी करून घेतली नव्हती. चूक माझी.

डोंबिवलीहून एक मुलगा आला. फिदा झाला. "सर, ओरिजनल आहे ना?" त्याने विचारलं. मी नंबराचं सांगितलं आणि तो चहा अर्धा टाकून गेला. शेजारी म्हणाले, "मास्तर, सांगायची काय गरज होती?"

गरज होती. व्यापारात माल विकताना त्याचा ऐब लपवू नये, हे आपण मदरशातही शिकतो आणि वर्गातही शिकवतो. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात 'रिस्टोअर्ड' या एका शब्दाखाली सगळं झाकून जातं. 'कस्टम' म्हटलं की वीस-पंचवीस हजार वर चढवायचे! कायद्याच्या नजरेत मात्र तो गुण नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरच्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. 'व्हिंटेज' शब्दाचं तसंच. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडीच व्हिंटेज. माझी दोन्हींत नापास. तरी जाहिरातींत वीस वर्षांची गाडीही व्हिंटेज असते.

घेणाऱ्याला हे नंतर कळतं. आरटीओत नावावर करताना, किंवा अपघातानंतर विम्याचा दावा अडतो तेव्हा. तोवर विकणाऱ्याचा फोन बंद. त्या डोंबिवलीच्या मुलाच्या जागी माझा विद्यार्थी असता तर?

म्हणून आता कागदावर सगळं लिहिलंय: काय बदललं, काय मूळचं, इंजिन कुठून आलं. किंमतही खाली आणली. इंजिन बदलाच्या नोंदीसाठी ठाणे आरटीओत चौकशी करून आलो, कागद जमवतोय. गाडी सध्या जिन्याखालीच उभी आहे. अम्मी रोज विचारते, "गेली का रे?"