बाटलीत सातू पाऊण किलो



मागच्या महिन्यात सलगऱ्याला मक्यावरच्या लष्करी अळीसंबंधी बैठक होती. बैठक आटोपली, चहा झाला, आणि पंचविशीतला एक तरुण मोबाईल पुढे करून म्हणाला, "साहेब, एवढं बघा." पडद्यावर आयर्लंडातल्या एका खेड्यातली दारूची भट्टी होती. हिरवेगार शेत, दगडी इमारत, तांब्याची मोठी भांडी आणि लाकडी पिंपांच्या रांगा. मालक सांगत होता, की शेजारच्या शेतातला सातू आम्ही वापरतो आणि आमची बाटली जगभर जाते.

"ह्यो सातवाची करतोय, मग आपण शाळवाची का करू नये? रस्त्याकडंचं अर्धा एकर काढलं तर भांडवल उभं राहील."

पोरगा उनाड नव्हता. घरी अडीच एकर, दोन गाई आणि विधवा आई. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "ह्याच्या बापाला बाटलीनंच नेलं, साहेब. आता रानपण तिलाच द्यायचं का?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. तोच आज सर्वांपुढे ठेवतो, कारण असले प्रश्न आता गावोगावी निघू लागले आहेत.

प्रथम ही व्हिस्की होते कशी ते पाहू. यात आपल्या बायकांना नवल वाटावे असे काही नाही. नाचणीचे सत्त्व करताना आपण जे करतो, तीच पहिली पायरी. सातू दोन दिवस भिजवतात, पसरून चार-पाच दिवस मोड येऊ देतात आणि मग गरम हवेने वाळवतात. मोड येताना दाण्यात पाचक रस तयार होतात. दाणा भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअस गरम पाण्यात कालवला, की हे रस पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून त्यात यीस्ट घातले, की दोन-तीन दिवसांत ते आंबते. मग तांब्याच्या भांड्यात उकळून वाफ थंड करायची. आयर्लंडात बहुधा हे तीनदा करतात. शेवटी लाकडी पिंपात भरून ठेवायचे. तिथल्या कायद्याने निदान तीन वर्षे पिंपात मुरल्याशिवाय त्याला आयरिश व्हिस्की म्हणता येत नाही.

आता हिशोब. एक टन मोडवलेल्या सातवातून साधारण ४०० लिटर शुद्ध अल्कोहोल निघते. ७०० मिलिलिटरच्या बाटलीत ४० टक्के, म्हणजे २८० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. भागाकार केला तर एका बाटलीला सातशे ग्रॅम सातू लागतो. पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के माल उडून जातो. तो धरला तरी पाऊण किलो. सातू चाळीस रुपये किलो धरा. हजारो रुपयांच्या बाटलीत शेतकऱ्याचे तीस रुपये! बाकीचे पिंप, इंधन, सरकारी कर, व्याज, जाहिरात आणि दुकानदार यांचे. दाण्याने बाटली महाग होत नाही. ती महाग होते थांबल्याने आणि नावाने. तीन वर्षे पैसा अडकवून स्वस्थ बसणे ज्याला परवडते, त्याचा हा धंदा आहे. आपले पीककर्ज दर वर्षी फिरवावे लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बरे, त्या मुलखात तरी सगळे सुरळीत आहे का? वेस्टमीथ परगण्यात किलबेगन नावाचे छोटे गाव आहे. तिथली भट्टी १७५७ सालची. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाने तिची यंत्रे चालत. १९५० नंतरच्या दशकात ती बंद पडली. १९८२ पासून गावकऱ्यांनीच तिची डागडुजी करून संग्रहालय केले आणि २००७ साली, भट्टीला अडीचशे वर्षे होताना, तिथे पुन्हा ऊर्ध्वपातन सुरू झाले. गावाने आपला वारसा राखला, ही गोष्ट नक्कीच घेण्यासारखी.

दुसरी गोष्ट वॉटरफर्ड शहरातल्या भट्टीची. तिने शंभरावर शेतकऱ्यांकडून सातू घेतला. प्रत्येकाचा माल वेगळा साठवला, वेगळा मोडवला, वेगळा गाळला आणि बाटलीवर त्या शेताचे नाव छापले. शेतकऱ्याला याहून मोठा मान कोणता? पण नोव्हेंबर २०२४ मध्ये ही कंपनी कर्जापायी रिसिव्हरच्या ताब्यात गेली. मान खरा होता, मालही चांगला होता. परंतु पिंपात मुरणाऱ्या मालाला गिऱ्हाईक येईपर्यंत सावकार थांबत नाही. २०१० साली आयर्लंडात अशा भट्ट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. नंतर त्या भराभर वाढल्या आणि आता गिऱ्हाईक कमी, पिंपे जास्त अशी पाळी आली आहे. एकाला भाव मिळाला म्हणून सगळ्यांनी तेच लावले, की काय होते हे टोमॅटोवाल्याला विचारावे.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. मी दोडामार्गकडे प्रशिक्षणासाठी गेलो असताना एका बागेत काजूबोंडांचा सडा कुजत पडलेला पाहिला. हद्द ओलांडून गोव्यात गेलो, तर तीच बोंडे वेचून भट्टीवर चालली होती. झाडावरून आपोआप गळालेलेच बोंड घ्यायचे, कारण ते पुरते पिकलेले असते. रस काढून तो आपसूक आंबू देतात, आणि 'भाण' नावाच्या तांब्याच्या भांड्यात गाळतात. पहिल्या गाळपाची ती हुर्राक, आणि पुन्हा गाळली की फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. बोंड हा जोडमाल आहे, मुख्य पैसा काजूबीचा. आणि फेणीला तीन वर्षे पिंपात मुरवत ठेवण्याचा नियम नाही. तरीसुद्धा तिथे अबकारी खात्याच्या परवान्याशिवाय भट्टी पेटत नाही.

आपल्या राज्यात तर १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू गाळणे सोडाच, त्यासाठी रसायन आंबवून ठेवणे किंवा भट्टीचे सामान बाळगणे हाही गुन्हा आहे. कुणी "घरच्यापुरती करतो" म्हणेल, त्याने २०१५ सालचे मुंबईतले मालवणी आठवावे. मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली. आडव्या बाटलीला मत देऊन ज्या गावांतल्या बायकांनी दुकान बंद केले, त्या वेड्या नव्हत्या.

आता माझीच एक चूक सांगतो. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. नाशिककडे विंचूरला आणि आपल्या जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. मी तेव्हा तरुण होतो, उत्साह दांडगा. एका बागायतदाराला मीच आग्रह करून वाईनच्या जातीची दोन एकर बाग लावायला लावली. खरेदीचा कागद होता, पण त्यात भाव होता, मुदत नव्हती. २००८-०९ ला वाईनचा खप घसरला आणि खरेदीदाराने माल उचलला नाही. वाईनचे द्राक्ष बारीक आणि बियांचे. ते पेटीत जात नाही आणि बेदाण्यालाही चालत नाही. शेजारच्या थॉमसनवाल्याने भाव पडला तेव्हा घड वाळवून बेदाणा केला, शीतगृहात ठेवला आणि सावकाश विकला. माझ्या मित्राने मात्र बाग उपटली. त्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याचेच ओझे जास्त आहे. त्यावरून मी एक धडा शिकलो. ज्या पिकाला एकच दार, ते पीक लावण्याआधी दाराची किल्ली कुणाकडे आहे ते पाहावे.

म्हणून कुणीही प्रक्रियेसाठी पीक लावा म्हणाले, तर चार प्रश्न विचारा. माल कुणी नाकारला तर दुसरीकडे खपेल का? पैसे किती दिवसांत, आणि ते कागदावर आहे का? परवाना कुणाच्या नावाचा? आणि धंदा बुडाला तर जमीन वाचते का? चारांपैकी एकाचेही उत्तर अडखळत आले, तर सही करू नका.

भट्टीशी आपला संबंध मात्र दुसऱ्या वाटेने येतोच. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले आणि कारखान्यांकडून मक्याला मागणी वाढली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ते बंधन उठले. भाव सरकारच्या एका कागदाने चढतो आणि दुसऱ्याने उतरतो, हे मका पेरताना लक्षात असू द्या. या कारखान्यांतला आणि बिअरच्या कारखान्यांतला चोथा पशुखाद्य म्हणून येतो. त्यात प्रथिने चांगली असतात, पण दोन गोष्टी सांभाळा. ओल्या चोथ्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. उन्हाळ्यात तो लवकर आंबतो, म्हणून ताजा असतानाच, कडब्याबरोबर, थोड्या प्रमाणापासून सुरू करून घाला. दुसरे म्हणजे दाण्यातले पीठ निघून गेल्यावर वजन सुमारे एक-तृतीयांश उरते. त्यामुळे दाण्यावर बुरशीचे विष असेल तर ते चोथ्यात तिपटीने भरते. काळपट, कुबट वासाचा माल कितीही स्वस्त असला तरी दुभत्या गाईपुढे टाकू नका.

आणि बायांनो, मोडाची विद्या तुमच्या घरची आहे, ती दारूवाल्यांना कशाला सोडायची? नाचणी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात दीड दिवस बांधा. मोड आले की सावलीत वाळवा, हाताने चोळून मोड पाखडून टाका, मंद आचेवर भाजून दळा. बाळंतिणीला, लेकराला, म्हाताऱ्याला पचायला हलके सत्त्व तयार. मात्र ज्वारीचे असे करताना खबरदारी घ्या. कोवळ्या ज्वारीत शिरलेले जनावर विष लागून मरते, ते तुम्ही पाहिले असेल. तेच विष ज्वारीच्या मोडांत आणि मुळांत असते. ते पूर्ण काढता येत नसतील, तर मोडासाठी नाचणीच बरी.

तो तरुण परवा मिरजेला कार्यालयात आला होता. मी त्याच्यापुढे हा पाऊण किलोचा हिशोब ठेवला. बराच वेळ तो कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "साहेब, त्या बाटलीवर शेतकऱ्याचं नाव असतंय, ते मला आवडलं हुतं." मी म्हटले, "मग नाव पिशवीवर घाल." मिरज ही दवाखान्यांची पेठ. मधुमेहाचे पेशंट चांगल्या शाळवाची भाकरी शोधत असतात. शाळू चाळून, निवडून, पाच-पाच किलोच्या पिशव्या करायच्या. पिशवीवर गावाचे आणि शेतकऱ्याचे नाव, सोबत अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक. नाही खपला, तर तोच शाळू बाजार समितीत जातो, आणि तिथेही नाही गेला तर घरात भाकरी होते. या पिकाला तीन दारे आहेत.

पहिल्या खेपेला त्याने दहा पिशव्या आणल्या होत्या. एक मी पैसे देऊन घेतली. पुढे किती खपतात ते पाहू. अर्धा एकर अजून त्याच्या नावावर आहे, आणि पिशव्यांची तोंडे त्याची आई शिवते.