स्वयंसेवक मिळतात, टिकत का नाहीत?

डिसेंबर २०२४ मध्ये देवासच्या नयापुरा भागात पहाटे एका घराला आग लागली. खाली दुधाची डेअरी, वर बिऱ्हाड. पती, पत्नी आणि त्यांची दोन मुले यांना बाहेर पडताच आले नाही. पुढे १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातेतील डीसा येथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन एकवीस जणांचा बळी गेला; त्यांत देवास व हरदा जिल्ह्यांतून पोटासाठी गेलेले मजूर होते. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. कुमार गंधर्वांनी जेथे हयात घालविली, ते देवास मराठी माणसास परके नाही. म्हणूनच तेथील प्रश्न आम्ही आपलाही मानतो.

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हे नगरपालिकांचे काम ठरविले. मग खेड्यांनी काय करावे? माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये गहू वाळून उभा असतो. विजेच्या तारेची एक ठिणगी किंवा शेजाऱ्याने पेटविलेले धसकट एवढ्यावर वर्षाचे पीक राख होते. तालुक्याहून बंब येईपर्यंत विझविण्यासारखे काही उरत नाही. पहिला अर्धा तास शेजाऱ्यांचा असतो; ते शेजारी प्रशिक्षित असावेत, एवढीच स्वयंसेवक दलामागची कल्पना. धार जिल्ह्यातील कारम नदीवरच्या धरणास ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली आणि अठरा गावे रिकामी करावी लागली. अशा वेळी कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, हे गावच्याच माणसाला ठाऊक असते.

दुर्घटनेनंतर नावे नोंदविण्यास तरुण तोटा पडू देत नाहीत. खरा प्रश्न ते टिकविण्याचा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये तीस जिल्ह्यांत ‘आपदा मित्र’ योजना आरंभिली. नंतर साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडविण्याचे ठरले. बारा दिवसांचे शिक्षण झाले, गणवेश मिळाला. पण पुढे वर्षभर कोणी हाकच मारली नाही, तर उत्साह कोठवर टिकणार? मिरवणुकीच्या बंदोबस्तापुरती आठवण ठेवली, तर स्वाभिमानी तरुण दुसऱ्यांदा येत नाही. पीथमपूरच्या कारखान्यातील कामगार पाळी सोडून आगीवर धावला आणि त्याची रोजी कापली गेली, तर त्यास दोष कसा द्यावा?

तेव्हा उपाय साधे आहेत. दरमहा एक सराव व्हावा, तोही नळी, शिडी आणि दोर प्रत्यक्ष हाती देऊन. साधने गावातच असावीत. कुलूपबंद गोदामात नव्हेत. प्रत्येकाचा विमा उतरवावा, गमावलेली रोजी भरून द्यावी आणि कारखानदारांवर रजेचे बंधन घालावे. स्त्रियांना आवर्जून घ्यावे. पुरुष कामावर गेले असता भरदुपारी गावात त्याच असतात.

यावर आक्षेप येईल की, स्वयंसेवक मिळाले म्हणजे सरकार आपली जबाबदारी झटकेल. भीती रास्त आहे. पण जर्मनीत मोठ्या शहरांतून पगारी दले असूनही सुमारे दहा लाख स्वयंसेवक आगीशी झुंजतात, आणि त्यांच्या पुढच्या पिढीसाठी मुलांची पथके असतात. गोमंतकीयांना परिचित असलेल्या पोर्तुगालमध्येही अग्निशमनाचा मोठा भार स्वयंसेवकच वाहतात. बंब सरकारने द्यावा, माणूस गावाने द्यावा. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

आपल्याकडेही जत्रेच्या दिवशी स्वयंसेवकांची रांग लागते आणि पालखी देवळात परतताच ती विरून जाते. म्हणून हा धडा केवळ माळव्याचा नव्हे. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात सहासष्ट अग्निशामक जवानांनी प्राण वेचले. त्यांस आपण दरवर्षी मानवंदना देतो, ते उचितच आहे. परंतु जो आज जिवंत आहे आणि उद्या धावून येणार आहे, त्याच्या विम्याचा हप्ता कोणी भरावयाचा, याचेही उत्तर त्याच दिवशी दिले गेले पाहिजे.