तीन वर्षं नीट वागतो, साहेब!

कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं, की कंपनी ही कायद्यानं एक 'व्यक्ती' असते. ती मालमत्ता घेते, कर्ज काढते, तुमच्यावर दावासुद्धा लावते. मात्र तिनं लबाडी केली तर बेडी नेमकी कुठं अडकवायची, हा प्रश्न आमच्या सरांनी ऑप्शनला टाकला. त्याचं उत्तर मला पुढं बँकेत कारकुनी करताना मिळालं, तेही अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेकडून.

या बँकेचा मंत्र होता, 'एट इज ग्रेट'. म्हणजे दर गिऱ्हाइकाच्या गळ्यात बँकेच्या आठ वस्तू बांधायच्या. अहो, माणसाला खिसे चार, त्यातले दोन फाटके. आठ खाती घेऊन तो काय करणार? पण टार्गेट वरून आलेलं! तिथल्या कारकुनांनी मग गिऱ्हाइकाला न विचारताच खाती उघडली, खोटे ई-मेल पत्तेही घातले. २०१६ साली बिंग फुटलं. पुढच्या वर्षी बँकेनंच संशयित खात्यांचा अंदाज ३५ लाखांवर नेला.

न्याय म्हणाल, तर तो बिंग फुटण्याआधीच सुरू झाला होता. सुमारे ५,३०० नोकरांना नारळ मिळाला होता, आणि त्यात बहुतेक खालचेच. बँकेला दंड झाला १८ कोटी ५० लाख डॉलर. धस्स झालं ना? थांबा. आकडा दिसला की आम्हाला भागाकार सुचतो. बँकेचा आदल्या वर्षीचा नफा होता जवळजवळ २,२९० कोटी डॉलर. म्हणजे दंड झाला तीन दिवसांच्या नफ्याएवढा! २०२० मध्ये आणखी ३०० कोटी भरले, तेही दोन महिन्यांच्या आतले. वर सरकार म्हणालं, तीन वर्षं नीट वागा, म्हणजे फौजदारी खटला चालवत नाही.

साहेबांना काहीच झालं नाही, असं मी म्हणणार नाही. मुख्याधिकारी जॉन स्टम्फ यांची खुर्ची गेली, १ कोटी ७५ लाख डॉलर दंडही झाला. फौजदारी शिक्षा मात्र वरच्यांपैकी एकट्या कॅरी टोल्स्टेड बाईंना, २०२३ मध्ये; आणि तीसुद्धा खोट्या खात्यांबद्दल नव्हे, तर तपासणीत अडथळा आणल्याबद्दल. तीन वर्षं देखरेख, त्यात सहा महिने घरात बसणं. इतकी सलग रजा आमच्या मॅनेजरनं मला लग्नालाही दिली नव्हती.

आमच्या शाखेत कॅशिअरची पाचशेची एक नोट कमी भरली, तर ती त्यानं त्याच संध्याकाळी स्वतःच्या खिशातून भरायची. "तीन वर्षं नीट वागतो, साहेब," असं एकदा त्याला म्हणून तर बघू दे!