सरकारी साइटच्या डोक्यावर काय असावं?

परवा ओळखीच्या एका काकांना मोबाइलवरून घरपट्टी भरून देत होतो. आमच्याच भागातल्या एका नगरपरिषदेची साइट. पहिल्या पानावर नाव, बोधचिन्ह, नेत्यांचे फोटो. 'कर भरणा' दाबलं तर वरची पट्टीच बदलली! रंग वेगळा, नाव इंग्रजीत, मराठीचं बटण गायब. काका म्हणाले, "हे आपल्याच नगरपालिकेचं ना रे? पैसे भलतीकडे जायचे." छातीठोक उत्तर देता आलं नाही मला.

या वरच्या पट्टीला हेडर म्हणतात. ती पानागणिक नव्याने करायची नसते. एकदा नीट बनवून ठेवायची आणि सगळ्या पानांनी तीच वापरायची. असा तयार सुटा भाग म्हणजे कंपोनंट. आम्ही पेपरवाले तरी मास्टहेड रोज कुठे नव्याने काढतो?

ब्रिटनमध्ये राजा बदलला, तसा सरकारी साइटवरचा मुकुटही 2024च्या फेब्रुवारीत बदलला. नवं चिन्ह सामाईक हेडरमध्ये आलं, खात्यांच्या ऑनलाइन सेवांनी फक्त नवी आवृत्ती घ्यायची. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी नावं बदलली. प्रत्येक पानावर जाऊन नाव बदलायचं म्हटलं, तर कुठेतरी जुनं राहणारच.

सोय नाही असंही नाही. एनआयसीच्या 'एस३वास'वर जिल्ह्यांच्या साइट एकाच साच्यातून निघतात. एका जिल्ह्याची वापरली की दुसऱ्याची चटकन उमगते. नगरपरिषदांच्या मी पाहिलेल्या साइट मात्र ठेकेदाराच्या मर्जीवर.

खरी गोम फोटोंची आहे. मोबाइलवर अर्धा पडदा तेच खातात, पदाधिकारी बदलले की पुन्हा खर्च. कंपोनंटमध्ये जागा ठरलेल्या असतात: चिन्ह, कार्यालयाचं नाव, शोध, भाषा. फोटोला खणच ठेवला नाही तर लावणार कुठे? अंध माणसाला मोबाइल पान वाचून दाखवतो. त्याच्यासाठी थेट मजकुराकडे नेणारी लिंक सर्वात आधी हवी, म्हणजे दर पानावर तीच पट्टी ऐकावी लागत नाही.

भामटेही हुबेहूब हेडर काढतील, मान्य. म्हणून पत्त्यातलं 'जीओव्ही डॉट इन' बघायचंच. पण खरी साइटच पानागणिक रूप पालटत असेल, तर लोकांनी ओळखायचं कशावरून?

पुढच्या वेळी साइटचा ठेका निघेल तेव्हा आपल्या नगरसेवकाला एवढं विचारा: सगळ्या पानांना एकच हेडर, मराठीसकट, अशी अट टेंडरमध्ये आहे का?

काकांनी शेवटी रांगेत उभं राहून रोख भरले.