रात्री दहाचा मेसेज

बोरिवलीत राहून नरिमन पॉइंटला नोकरी करणाऱ्या कुणाचाही दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाचला गजर. पाणी भरायचे, डबे करायचे, मुलांना शाळेसाठी उठवायचे. आठच्या सुमारास लोकल. बसायला जागा मिळाली तर नशीब. संध्याकाळी सातनंतर परतीची गर्दी आणि घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत पावणेनऊ. जेवण उरकून मुलांच्या वह्या पाहायला बसावे, तोवर दहा वाजतात आणि मोबाइल वाजतो. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा मेसेज असतो : ‘उद्याच्या बैठकीचे आकडे पुन्हा तपासून आजच पाठवा.’ मुलुंड, घाटकोपर किंवा अंधेरीतल्या घरांत चित्र फारसे वेगळे नाही.

हा मेसेज वाचणारी व्यक्ती त्या वेळी सलग सतरा तास जागी असते. पाठवणाराही बहुधा तितकाच वेळ जागा असतो. सतरा तास जाग्या असलेल्या मेंदूची अवस्था काय असते, याचे मोजमाप ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी केले व ते १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हात आणि डोळे यांचा मेळ तपासणाऱ्या चाचणीत सतरा तास जागलेल्यांची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरली होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे ०.०३ टक्क्यांपेक्षा, जास्त मद्यार्क आढळला तर वाहन चालवणे गुन्हा ठरते. ज्या अवस्थेत गाडी हाकायला कायदा मनाई करतो, तिच्याशी तुलना होईल अशा अवस्थेत आपण आकडे तपासतो, कुणाला तरी खरमरीत उत्तर लिहितो आणि घरच्यांवर ओरडतो.

हे एका रात्रीपुरते असते तर फार बिघडले नसते. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. साडेअकराला पाठ टेकून पाचला उठणाऱ्याला साडेपाच तास मिळतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४८ निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना सलग चौदा दिवस रोज फक्त सहा तास झोपू दिले गेले. दोन आठवड्यांनंतर त्यांची एकाग्रता आणि स्मरण, एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतके खालावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपली क्षमता इतकी घटली आहे याची त्यांना फारशी जाणीवच नव्हती. ‘मला सहा तास पुरतात’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येकाने यावर विचार करायला हवा. थकलेल्या मेंदूत सर्वांत आधी बोथट होते ती स्वतःला तपासण्याची शक्ती.

यावर आपला हुकमी उपाय म्हणजे कटिंग चहा. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते झोपेची सूचना देत राहते. चहा-कॉफीतले कॅफिन ही सूचना पोहोचण्याची वाट अडवते. साचलेले द्रव्य मात्र तिथेच राहते. शिवाय कॅफिनची मात्रा शरीरात निम्मी व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन रात्री अकराला रक्तात फिरत असते. थकवा झाकण्यासाठी घेतलेला चहा असा पुढच्या रात्रीची झोपही उथळ करतो.

विचारपूर्वक जगा, शांत डोक्याने निर्णय घ्या, माणसे समजून घ्या, असे सल्ले सर्वत्र मिळतात. ते चुकीचे नाहीत. मात्र शांत डोके हा केवळ संस्कारांचा किंवा इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. त्याला झोप लागते. आणि उपनगरातल्या नोकरदाराची झोप त्याच्या एकट्याच्या हातात नसते. ती लोकलच्या वेळेवर, घरातल्या कामांच्या वाटणीवर आणि वरिष्ठांच्या सवयींवर ठरते.

घरापासूनच पाहू. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. पाचचा गजर बहुतेक घरांत कुणासाठी वाजतो, हे यातून कळते. डब्याची भाजी रात्री कुणी चिरायची आणि सकाळी नळाला पाणी आल्यावर कुणी उठायचे, ही वाटणी बदलली तर एखाद्या घरात तासभर झोप वाढू शकते. त्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज नाही.

कार्यालयात हाच प्रश्न अधिकाराचा होतो. ‘मी विसरू नये म्हणून रात्री पाठवतो, उत्तर सकाळी दिले तरी चालते,’ असे वरिष्ठ म्हणतात, आणि ते प्रामाणिकपणे म्हणत असतात. पण ज्याची वेतनवाढ त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून आहे, त्याला ‘चालते’ हा शब्द ऐकू येत नाही. तो अंथरुणावरून उठून संगणक उघडतो. मेसेज लिहून सकाळी नऊला आपोआप जाईल अशी सोय आज बहुतेक ईमेलमध्ये आहे. नाहीतर साधी वही आहेच. परिचारिका, सुरक्षारक्षक, मोटरमन यांच्या रात्रपाळ्या टळणार नाहीत. म्हणूनच ज्या कामांना सकाळपर्यंत थांबणे शक्य आहे, त्यांना थांबवणे हे वरिष्ठाचे कर्तव्य ठरते.

मुंबईला हा वाद नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुढे आणली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. विश्रांती हा आळस नसून कामाचाच भाग आहे, हे या शहराने तेव्हा स्वीकारले. आज मोबाइलमुळे भोंग्याची वेळच संपलेली आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयकांचे कायदे क्वचितच होतात, त्यामुळे त्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२३ मध्ये आपल्याच कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या आणि शहरातील इतर संस्थांनाही कामाच्या वेळा बदलण्याची विनंती केली. गर्दी कमी करण्यासाठी उचललेल्या या पावलाचा फायदा झोपेलाही होऊ शकतो. हे पाऊल कोणतीही संस्था उचलू शकते.

प्रश्न केवळ चिडचिडीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आठवड्याला सत्तर, नव्वद तास कामाचे कौतुक करणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. उपनगरातल्या माणसाच्या बाबतीत तर त्यात लोकलमधले रोजचे दोन-तीन तास धरलेलेही नाहीत.

तेव्हा सुरुवात आजच्या रात्रीपासून करता येईल. दहानंतर मनात आलेला निर्णय, राग किंवा सूचना कागदावर लिहून ठेवा आणि सकाळी चहा घेताना पुन्हा वाचा. त्यातल्या निम्म्या गोष्टी पाठवण्यासारख्या नव्हत्या असे लक्षात आले, तर एका रात्रीत दोघांची झोप वाचली असे समजा.